फुग्यात भरलेलं पाणी

विषय : आनंदबन सोसायटीस जादा नळजोडणी मिळणेबाबत.
संदर्भ : रहिवाशांचा अर्ज, त्यावर पाणीपुरवठा कार्यालयाने दिलेला नकार आणि रहिवाशांचा फेरअर्ज.

नकाराचं कारण असं, की सोसायटीचं मीटर रोज फिरतं, म्हणजे पाणी येतं. नळ कोरडे आहेत असं सांगायला गेलेल्यांना उपअभियंता खरबडे म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

रोहिणीकाकू वाघचौरेंच्या घरी सून बाळंतीण आणि दुपटी धुवायला पाणी नाही. त्यांनी हट्टानं खरबड्यांना पाहणीला आणलं. साहेब पाणी सुटायच्या वेळी आले आणि अंगणातल्या मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, कसं भिरभिरतंय! अजून काय पाहिजे तुम्हाला?"

काकूंनी बारशासाठी आणलेला एक फुगा मीटरशेजारच्या नळाला लावला आणि नळ सोडला. आतून नुसती हवा आली. फुगा कलिंगडाएवढा झाला, मीटर फिरतच राहिलं. काकूंनी गाठ मारून फुगा साहेबांच्या हातात दिला.

"घ्या, आमचं आजचं पाणी. तुमच्याच मीटरनं मोजलंय. यात एक दुपटं धुऊन दाखवा, आत्ता अर्ज मागे घेते."

जमलेल्या बायका खो खो हसल्या. साहेब फुगा घेऊनच जीपमध्ये बसले, कारण तो ठेवायचा कुठे हे त्यांना सुचेना.

तेव्हापासून पाणी सुटलं की बायका घरटी एक फुगा भरतात आणि कार्यालयाच्या खिडकीला बांधून येतात. साहेब हल्ली त्या खिडकीकडे पाठ करून बसतात.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.