डोळे मिटलेल्या म्हशी

"बाई, तुम्ही लॅपटॉप आणलाय की उपदेश?"

"दोन्ही. आधी काय देऊ?"

"लॅपटॉप."

नेसरीकर बाईंनी खांद्यावरची कापडी पिशवी हेमांगीच्या हातात दिली आणि दारात चपला काढून सावकाश आत आल्या.

बाई गडहिंग्लजच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. हेमांगीला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. पुढे हेमांगी कोल्हापूरहून चित्रकलेची पदवी घेऊन आली, कॉम्प्युटरवर चित्रं काढू लागली, आणि आता बाईंकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं.

आज तिला बाईंचा फक्त लॅपटॉप हवा होता. भाच्यानं परदेशातून पाठवलेला, नवा कोरा. बाई त्यावर रविवारी भाच्याचं तोंड बघायच्या आणि मग त्याला पुन्हा विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवायच्या.

हेमांगीच्या खोलीत टेबलावर तिचा जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या खोक्याची एक बाजू उघडी, आणि त्या उघड्या बाजूवर टेबलफॅन रोखलेला.

"याला ताप आलाय का?"

"मरतोय तो."

"असं तोंडावर बोलू नये गं."

"बाई, आज विनोद नको. संध्याकाळपर्यंत चित्र पोचलं नाही, तर प्रकाशक दुसऱ्या कुणाचं तरी घेणार. माझं पहिलं मुखपृष्ठ आहे. पहिल्यांदा माझं नाव छापून येणार आहे."

"कसलं पुस्तक?"

"लहान मुलांचं. एक म्हैस एकटीच तळं शोधायला निघते."

"मग? सापडतं?"

"बाई, वेळ नाहीये!"

"वेळेचं नाही विचारलं. तळं सापडतं का, ते विचारलं."

"सापडतं!"

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

म्हातारपणी माणसाला घाई नसते. पण समोरच्यालाही ती नसावी, असा त्यांचा आग्रह का असतो, कोण जाणे.

हेमांगीनं दात आवळले आणि माऊस दाबला. आजचं काम एकदा सेव्ह झालं, की फाइल पेनड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर, आणि मग सुटका.

स्क्रीनवर गोल चक्र फिरू लागलं.

फिरत राहिलं...

फिरतच राहिलं.

"नवा लॅपटॉप दारात येऊन उभा आहे," बाई म्हणाल्या, "म्हैस बाहेर का येत नाही?"

"फाइल जड झालीय."

"एका म्हशीनं?"

हेमांगीनं माऊस पुन्हा दाबला.

बाई चष्मा सावरून पुढे झुकल्या. स्क्रीनवर मधोमध म्हैस होती. गोरीगोमटी म्हणता येईल इतकी स्वच्छ, मोठ्या डोळ्यांची, लांब पापण्यांची. पण बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या उजव्या कडेला. तिथे एक उभी रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बारीकसा डोळा.

"हे एवढे डोळे कुणाचे?"

"लेयरचे. एकेक लेयर म्हणजे... पारदर्शक कागद समजा. एकावर एक ठेवलेले."

"आणि डोळा?"

"डोळा उघडा असला, की तो कागद दिसतो. मिटला, की दिसत नाही."

"यातले बरेच मिटलेत."

"त्या नको असलेल्या म्हशी. मिटवून टाकल्या मी."

"मिटवून टाकल्यास, की नुसते डोळे मिटलेस?"

"एकच की ते!"

"बघ हं... मध्ये एक 'व' आहे."

हेमांगीनं कपाळावर हात मारला. व्याकरण! इथे कॉम्प्युटर शेवटचे श्वास घेतोय, आणि बाईंना व्याकरण सुचतंय.

"एखादा उघड बघू," बाई म्हणाल्या.

वाद घालण्यापेक्षा ते लवकर झालं असतं. चक्र सेव्ह न करताच जरा थांबल्यावर हेमांगीनं एक डोळा उघडला. कॉम्प्युटर घरघरला आणि बऱ्याच वेळानं एक म्हैस दिसली, डावीकडे तोंड करून उभी. दुसरा डोळा उघडला. उजवीकडे तोंड करून उभी. तिसरीच्या पाठीवर बगळा. चौथीच्या पाठीवरचा बगळा उडालेला.

"ही आणि मघाची एकच आहे," बाई मध्येच म्हणाल्या.

"नाही. शेपटी बघा."

बाईंनी शेपटी बघितली.

"मघाशी डावीकडे होती," हेमांगी म्हणाली.

"आणि ही डावीकडून उजवीकडे न्यायला..."

"अख्खा दिवस गेला."

"म्हशीचा की तुझा?"

हेमांगीनं पुढचा डोळा जरा जोरातच उघडला. त्याखाली म्हैस, त्याखाली म्हैस. उदास म्हैस, हसरी म्हैस, जवळजवळ हसरी म्हैस. खोक्याच्या आतला पंखा किंचाळायला लागला.

"बिचारा," बाई म्हणाल्या. "त्याला वाटतंय, आपण गोठाच आहोत."

"लागल्या तर असाव्यात म्हणून ठेवल्यात."

"कधी लागली का एखादी?"

"लागेल!"

"तुला तरी आठवत होत्या का या?"

आता मात्र हेमांगी उसळली.

"बाई, तुम्ही तर बोलूच नका! तुमच्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. होती की नाही?"

"होती."

"'चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी बरोबर काढ.' हे कुणाचं वाक्य?"

"माझंच."

"मग? मी तेच केलं! सगळं राहू दिलं. आणि आता तुम्हीच मला हसताय!"

पंखा घरघरत राहिला...

"राहू दे म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "झाकून ठेव नव्हतं म्हटलं."

हेमांगीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्क्रीन गोठली. चक्रसुद्धा फिरायचं थांबलं. तिनं माऊस हलवला. स्क्रीनवरचा बाण हलला नाही. कीबोर्डवर बोटं आपटली. काही नाही.

"गेलं," ती म्हणाली. "गेलं सगळं, बाई. सकाळपासूनचं काम आत आहे. बंद केला तर ते जाईल, आणि चालू तर होत नाहीये."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

बाई उठल्या. खोक्याच्या वरच्या पत्र्यावर धुळीचा जाड थर होता. चित्रकारांच्या घरी सगळीकडे नजर फिरते, तेवढी जागा सोडून. बाईंनी तर्जनी पुढे केली आणि त्या धुळीत एक वाकडी रेघ ओढली. पाठ झाली. आणखी एक ओढली. मान खाली घालून निघालेली, जरा चिडलेली, तहानलेली. शिंगांसाठी बोट नुसतं टेकवून उचललं.

म्हैस चालत होती.

हेमांगी वळली, आणि बघतच राहिली.

"बाई... थांबा! हलू नका! फोटो काढते."

ती मोबाइल शोधायला गादीकडे धावली. उशी उलटली, चादर झटकली. मोबाइल घेऊन आली, तेव्हा बाई पदराच्या टोकानं पत्रा पुसत होत्या.

"बाई!"

"काय गं?"

"पुसलीत? केवढी जिवंत होती ती! पुसलीत कशाला म्हशीला?"

"मी कुठे म्हैस पुसली? धूळ पुसली."

"परत काढा."

"तशी? तशी नाही यायची."

"मग?"

"मग दुसरी येईल."

हेमांगी त्या स्वच्छ पत्र्याकडे बघत राहिली. मोबाइल तसाच हातात...

खोक्यातून एक हुंदका आल्यासारखा आवाज झाला. स्क्रीन हलली. चक्र पुन्हा फिरू लागलं, अडखळलं, आणि थांबलं. माऊसचा बाण जागेवरून सरकला.

"मी चहा टाकते," बाई म्हणाल्या. "तू तुझ्या जनावरांचं बघ."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. हेमांगी एकटी राहिली.

तिनं डावीकडे तोंड केलेल्या म्हशीवर बाण नेला. डोळ्यावर नाही, कचरापेटीच्या खुणेवर. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की? तिचं बोट थांबलं. या म्हशीच्या पायांवर तिनं किती मेहनत घेतली होती...

तिनं दाबलं.

म्हैस गेली. काही कोसळलं नाही.

मग उजवीकडे तोंड केलेली. मग बगळा. मग उडालेला बगळा. शेपटीवाल्या दोघींपाशी तिचा जीव जरा अडकला, पण दोघी एकदमच गेल्या. नक्की? हो. नक्की? हो रे बाबा, हो. किती विचारशील!

आतून बाईंचा आवाज आला.

"हेमांगी, एवढ्या म्हशी, आणि घरात दूध एवढंसंच?"

हेमांगीला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा.

खोक्याची किंचाळी खाली आली. मग नुसती कुरकुर उरली. तिनं हातात कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं पेन घेतलं आणि म्हशीच्या पाठीवर एक रेघ ओढून बघितली. हात फिरला तशी रेघ फिरली. अडखळली नाही, मागे राहिली नाही.

"बाई! चालतोय!"

बाई दोन कप घेऊन आल्या.

"मग कर सेव्ह."

"थांबा, तळाला एक राहिलाय. हा कुठला, तेच आठवत नाहीये."

रांगेच्या अगदी तळाशी एक लेयर होता, डोळा मिटलेला. नुसतं 'काहीतरी' असं नाव दिलेला. हेमांगीनं वरची गोंडस म्हैस क्षणभर बाजूला केली आणि तळाचा डोळा उघडला.

म्हैस होती. घाईघाईत ओढलेल्या थोड्याशा रेघा. मान पुढे, एक पाय उचललेला, कुठे जायचं ते पक्कं ठरवून निघालेली. आणि तिच्या नाकावर जाड काचांचा चष्मा. चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला.

बाईंच्या चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला होता.



"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"म्हैस."

"ते दिसतंय."

"पहिल्या दिवशी काढली होती. हात मोकळा करायला. गंमत म्हणून."

"कुणाची गंमत?"

"...तुमची."

बाईंनी कप टेबलावर ठेवला. तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ नेलं. बराच वेळ बघितलं.

"शिंगं छान आलीत," त्या म्हणाल्या.

हेमांगीचे कान लाल झाले. तिनं घाईनं बाण कचरापेटीच्या खुणेवर नेला. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की?

तिनं दाबलं नाही.

तिनं गोंडस म्हशीचा डोळा पुन्हा उघडला. मोठे डोळे, लांब पापण्या. प्रकाशकांनी सांगितलं होतं, गोड हवी. ही गोड होती. खूप गोड होती. तिला कुठेही जायचं नव्हतं.

खालची मात्र निघालीच होती.

"बाई, सांगा ना. कुठली ठेवू?"

"चहा घे. निवतोय."

"बाई!"

बाई बशीत चहा ओतून फुंकर घालत बसल्या. अशा वेळी मोठ्या माणसांना नेमकं बोलायचं नसतं. एरवी यांचं तोंड बंद होत नाही.

हेमांगीनं गोंडस म्हशीच्या डोळ्यावर बाण नेला. मिटण्यासाठी... मग बाण सरकवला. खाली, कचरापेटीच्या खुणेवर.

नक्की?

तिनं दाबलं, आणि लगेच पेन उचललं. चष्मेवाल्या म्हशीला रंग चढू लागला. काळा, त्यात थोडा निळा, पाठीवर उन्हाची एक तिरीप. हात थांबत नव्हता आणि कॉम्प्युटरही थांबत नव्हता. दूरवर तिनं तळ्याची एक चकाकती रेघ ओढली. एकदाच. ती जशी आली तशीच ठेवली.

चहावर साय धरली.

मग तिनं सेव्ह केलं. चक्र फिरलं आणि झालं. त्याच जुन्या खोक्यावरून चित्र प्रकाशकाकडे गेलंही.

बाहेर ऊन अजून भिंतीवर होतं. हेमांगी नखं खात होती. बाई गार चहा पीत होत्या.

टुंग, असा आवाज झाला.

हेमांगीनं उत्तर उघडलं. वाचलं. उडी मारली. खुर्ची मागे पडली.

"बाई, आवडलं! घेतायत! म्हणतायत, 'म्हैस पाहून आम्ही सगळे हसत सुटलो, हीच छापणार.'"

"बरं झालं."

"थांबा, खाली अजून एक ओळ आहे." तिचा चेहरा जरा उतरला. "म्हणतायत, 'म्हशीचा फक्त चष्मा काढता येईल का?' बाई, काय कळवू?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"काढते म्हणावं. पण मग तिला तळ्यापर्यंत सोडायला तुम्ही या."