पोचा आलेल्या वाटीचा वसा

ऐका विरजणबाई, तुमची कहाणी. बायांनो, कुजबूज पुरे झाली, तांदळाचे दाणे मुठीत घट्ट धरा.

आटपाट नगरात एक गवळ्याचं घर होतं. घरात दोघी जावा, थोरली गंगाई, धाकटी उमाई. सासू मरायला टेकली. तिनं उमाईच्या हाती पितळेची वाटी दिली, काठाला पोचा आलेली. म्हणाली, "सूनबाई, घरचं विरजण सांभाळ. मागेल तिला दे. दिलंस की विसर. वाटी रिकामी परत आली तरी हूं का चूं करू नकोस. उतू नकोस, मातू नकोस, हा वसा टाकू नकोस."

उमाई देत गेली. एकीनं भांडं रिकामं परत केलं. दुसरीनं खरकटं परत केलं. तिसरी ठकू सोनारीण, तिनं पोच्याची वाटीच ठेवून घेतली! थोरली करवादली, "परत करताना कुणी भांड्यात गुळाचा खडा तरी घातला का गं? भोळसट कुठली!" उमाई हसली, धार काढायला गेली.

मग काय झालं? राणीचा निरोप आला. "उद्या वाड्यावर पंगत आहे. सुरीनं कापावं असं दही आणा, नाही तर गायरान सोडा." आणि नेमकं त्याच दिवशी घरचं विरजण नासलं. गायरान गेलं तर गुरं खाणार काय?

थोरली तणतणत निघाली. "आमचं विरजण आम्हाला परत द्या!" एकीनं सांगितलं, संपलं. दुसरीनं सांगितलं, मांजरानं सांडलं. ठकूनं तर दारच लावून घेतलं.

मग उमाई गेली. "ठकूताई, चमचाभर विरजण असलं तर द्या. माझ्या घरी नासलंय." मागच्याची आठवण करून दिली नाही. ठकू वरमली. आत गेली, विरजण घेऊन आली. वाटी तीच, पोच्याची! उमाईनं ओळखली, पदराखाली घेतली, घरी येऊन दूध विरजलं आणि सकाळी दही वाड्यावर नेलं.

दही असं लागलं, असं लागलं, की राणी बोटं चाटत राहिली. "कुणाच्या हातचं गं?" उमाई ताठ मानेनं म्हणाली, "दूध आमच्या गाईंचं, विरजण ठकू सोनारणीचं." राणीनं गायरान कायमचं देऊन टाकलं.

मग उमाईनं वाटी दह्यानं शिगोशीग भरली आणि परत करायला गेली. ठकूला रडू फुटलं. "अगं, वाटी तुझीच! मी मेलीनं ठेवून घेतली."

"दिली तेव्हाच तुमची झाली, ताई. हाताशी ठेवा, उद्या कुणी मागायला येईल."

बायांनो, ती वाटी आपल्या आळीत अजून फिरते. आज माझ्या फडताळात आहे, सांगताना ऊर भरून येतो माझा! उद्या या कुणीतरी मागायला. विरजणबाई उमाईला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी वाटीत मावली, सुफळ झाली.