येसू आणि रुसलेला झरा

कोकणातल्या कातळझरी गावी, देवळाच्या ओसरीवर श्री चिमणनाथ महाराज उतरले होते, तेव्हाची ही लीला. गावची शाळा देवळाच्याच सभामंडपात भरे. पाढे संपेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही, हा नारो मास्तरांचा दंडक. आठ वर्षांच्या येसूचा परकर त्यापायी भर शाळेत ओला होई. आईने पोरीचे पाणीच तोडले. घशाला कोरड पडली, परकर मात्र ओला तो ओलाच!

त्या साली देवळाच्या अंगणातले गोमुख आटले. झरा मुळातच लहरी, मनात येईल तेव्हा वाहणार. पण उत्सव तोंडावर आला तसे मास्तर कडाडले, "या पोरीच्या विटाळानं झरा रुसला! उद्यापासून हिची शाळा बंद."

शाळा येसूला जिवापाड आवडे.

महाराजांनी तिला जवळ बोलावले. राग नाही, कीव नाही. नवल वाटावे तसे त्यांनी विचारले, "बाळ, परकर ओला व्हायच्या आधी काही कळतं का गं?"

असे तिला कधी कोणी विचारलेच नव्हते! येसू विचारात पडली. "कळतं थोडं. मग मी पाय आवळून बसते. पाढा रंगात येतो नि विसरते. मग एकदम... महाराज, असं का होतं?"

"धरून धरून होतं. देह काही तुझा वैरी नाही, पोरी. त्याला वेळच्या वेळी पाणी दे, वेळच्या वेळी मोकळा कर." महाराजांनी भरला तांब्या तिच्या हाती दिला. "पी."

पोरीला न्यायला आलेली आई घाबरली. मास्तर गोमुखाला रेलून खो खो हसले. "पाजा, पाजा! आता पूरच यायचा!"

येसू गटागटा प्यायली. शेवटचा घोट उतरतो न उतरतो तोच कातळाच्या पोटात काहीतरी गुडगुडले. तिने कान टवकारले. आणि काय सांगावे! गोमुखातून पाण्याचा लोट उसळला नि मास्तरांना कमरेपासून खाली चिंब करून गेला. धोतर पायांना चिकटले. सारी शाळा फिदीफिदी हसू लागली. मास्तरांना कुठे तोंड लपवावे कळेना.

येसू तेवढी हसली नाही. जवळ जाऊन हळूच म्हणाली, "मास्तर, भिऊ नका. वाळतं ते."

मास्तरांचे डोळे भरून आले. तसेच ओलेत्याने त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"लहरी झऱ्याला हात जोडता, मास्तर, आणि पोरीला दटावता?" महाराज म्हणाले. "पाढ्यांच्या मध्ये घंटा देत जा. सगळ्यांनाच सोडा, तिला एकटीला नको."

मास्तर उठले, येसूसमोर आले, आणि त्यांनी तिलाही हात जोडले.