शेठच्या नव्या घराची किल्ली

एका तालुक्याच्या गावी एकदा ख्रिस्ती मंडळीचे एक वृद्ध पाळक राहत असत. सेवेतून ते निवृत्त झाले होते, तरी मंडळीत लग्न, मयत किंवा नव्या घराची प्रार्थना निघाली की लोक त्यांनाच बोलावीत. धर्मसेवेचे शिक्षण घेणारा एक तरुण त्यांच्याजवळ शिकायला येई. अक्षर वळणदार म्हणून मंडळीच्या कमिटीची पत्रे लिहिण्याचे कामही त्याच्याकडेच होते.

या मंडळीची एक जुनी चाल होती. सकाळी दळायला बसण्याआधी घरची बाई एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकी. महिनाअखेर ती सगळी ज्वारी देवळात जमा होई आणि तिच्यावर डोंगरातल्या पाड्यांकडे धर्मप्रचाराला पाठवलेल्या सुवार्तिकाचा संसार चाले. लोक तेव्हा गरीब होते. दोन वेळा चूल पेटेल याची खात्री नसे, पण मूठ चुकत नसे. पुढे मुले शिकली, नोकऱ्या लागल्या, दुकाने झाली. देवाने हात सैल सोडला आणि या लोकांनी आपला आखडता घेतला! मडकी माळ्यावर गेली. जी वर्गणी जमे तिच्यातून देवळापुढे ग्रॅनाइटची कमान उभी राहिली, तिच्यावर दात्यांची नावे कोरली गेली. पहिले नाव सिमेंट-लोखंडाच्या एका व्यापाऱ्याचे होते. कमिटीचा अध्यक्षही तोच; सगळे त्याला शेठ म्हणत. कमानीचा खर्च वाढला म्हणून डोंगरातल्या शांतवन नावाच्या सुवार्तिकाचे मानधन आठ महिने थांबवले होते, आणि याची लाज कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

शांतवनने अखेर पत्र पाठवले. ‘सायकल विकली, आता पाड्यांवर पायी जातो. त्याचे काही नाही. पण मंडळीचा ताप उतरत नाही, डॉक्टर औषध आणि दूध सांगतात. आपल्याला जमत नसेल तर तसे कळवा, म्हणजे मी काम सोडून मजुरीला जाईन.’ बायकोला तो जुन्या लोकांसारखा ‘मंडळी’ म्हणे.

शिष्याने पाळकांना हे पत्र वाचून दाखवले आणि कमिटीच्या उत्तराची नक्कलही दाखवली. ती दाखवताना त्याचा चेहरा फुलला होता. “बाबा, शेठनी काय सुंदर मजकूर सांगितला! ‘प्रिय बंधू, माणसांच्या तोंडाकडे पाहू नका. विश्वासाने जगा. ज्याचा विश्वास मोठा, त्याला देव भरभरून देतो. आमच्याकडे पाहा.’ खरंच, बाबा, शेठना देवानं किती दिलंय! शांतवनचाच विश्वास कुठंतरी कमी पडत असेल.”

पाळकांनी नक्कल दोनदा वाचली आणि घडी घालून परत दिली. त्या दिवशी त्यांनी शिष्याला काहीच शिकवले नाही.

पुढच्या शनिवारी शेठच्या नव्या घराची प्रार्थना होती. दोन मजली घर, दाराला झेंडूच्या माळा, दीडशे पाहुणे. शेठने किल्ली पाळकांच्या हाती दिली. “बाबा, तुमच्या हातानं उघडा. देवानं दिलंय, त्याचे आभार माना.”

पाळकांनी किल्ली घेतली, कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि ते पायरीवर बसले. म्हणाले, “शेठ, विश्वासानं आत जा.”

लोक हसले. शेठही हसला. पाळक हसले नाहीत, उठलेही नाहीत. ऊन चढत होते. बायका पदराने वारा घेऊ लागल्या. आत टेबलांवर जेवण मांडलेले, बाहेर दाराला कुलूप. शिष्य घाबरून कुजबुजला, “बाबा, काय करताय हे?”

“बाबा, आई उन्हात उभी आहे,” शेठ म्हणाला.

“मग प्रार्थना कर. तुझा विश्वास मोठा आहे. देव उघडील.”

शेठचा आवाज चढला. “यात प्रार्थना कसली करायची? किल्ली तुमच्या खिशात आहे!”

पाळक उठले. “आणि शांतवनची भाकर कुणाच्या खिशात आहे? त्याची प्रार्थना देवानं केव्हाच ऐकली. त्याच्या वाटणीचं तुमच्या हाती दिलं. तुम्ही ते दगडात घातलं, वर आपली नावं कोरली, आणि आता त्यालाच विचारता, तुझा विश्वास कुठं गेला? तुमची भरभराट हे तुमच्या विश्वासाचं बक्षीस, असं सांगितलं कुणी तुम्हाला? पोस्टमनच्या पिशवीत गावभरच्या मनिऑर्डरी असतात, म्हणून तो श्रीमंत होत नाही. त्या त्यानं घरी नेल्या तर त्याला आपण चोर म्हणतो!”

पाळकांनी किल्ली शेठच्या तळहातावर ठेवली. “याच्यावर आणखी आशीर्वाद मी मागणार नाही. आलाय तो आधी पोचता करा.”

शेठने मान वर केली. तो उलट बोलणार असे सगळ्यांना वाटले. पण त्याची आई काठी टेकत पुढे आली. “बाळा, तू लहान होतास तेव्हा तुला पोटभर मिळत नव्हतं. तरी मी मूठ काढायची. तुझ्या घासातली काढायची रे मी.” शेठने किल्ली मुठीत धरली आणि तो तसाच उभा राहिला. घर उघडले ते बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच कोणीतरी.

पाळक न जेवता निघाले. शिष्य मागे धावला. “बाबा, ते पत्र माझ्या अक्षरात गेलंय.”

“म्हणूनच आता शांतवनकडे तू जायचं,” पाळक म्हणाले.

सोमवारी शेठचा टेम्पो डोंगराकडे निघाला. त्यात ज्वारी होती, आठ महिन्यांचे मानधन होते, आणि आजारी बाईला दवाखान्यात आणण्यासाठी गादी घातली होती. शिष्याने तिला शांतवनबरोबर उचलले. ती इतकी हलकी झाली होती की दोघांची गरजच नव्हती. टेम्पोत बसण्याआधी शांतवनने गुडघे टेकले आणि मोठ्याने म्हटले, “प्रभू, तू कधी उशीर करत नाहीस.”

शिष्याला आमेन म्हणता आले नाही. उशीर कोणी केला होता, हे त्याला माहीत होते.