मधली पानं

"मग शेवटी काय होतं त्या कॉलेजच्या कादंबरीत?" माईंनी विचारलं.

"शेवटी एस.टी. स्टँड," प्रज्योत म्हणाला. "सगळ्यांच्या शेवटी एस.टी. स्टँडच असतो, माई. पोरगं हॉस्टेलवर येतं, मेसच्या डाळीला नावं ठेवतं. एक मित्र कविता करतो. एक फार हुशार असतो, तो मरतो. मुलगी दुसऱ्याशी लग्न करते. मग ट्रंक, एस.टी. आणि खिडकीतून मागे जाणारी झाडं."

"डाळ खरंच एवढी वाईट असते?"

"पातळ असते."

माईंनी मान हलवली. टेकडीवरच्या या मठाच्या त्या प्रमुख. भल्याभल्यांना एका शब्दात गप्प करणाऱ्या. पण आज त्यांना ऐकायची हुक्की आली होती.

प्रज्योत आला होता खरा खुर्च्या घेऊन. त्याच्या वडिलांचा, गुंजाळअण्णांचा, मंडपाचा व्यवसाय. मठात सप्ताह बसला होता आणि दुपारच्या कीर्तनाला हल्ली सतरंजीवर बसतील असे गुडघे गावात फारसे उरले नव्हते. खुर्च्या टेम्पोत तशाच होत्या. प्रज्योत सभामंडपाच्या पायरीवर बसून साहित्यावर बोलत होता. हा त्याचा जुना आजार.

"आणि ती उद्योगपतींची आत्मचरित्रं?"

"ती तर पाठ झालीत मला. अंगावर एकच शर्ट. पत्र्याची शेड. पहिली ऑर्डर. भागीदार दगा देतो. मग एकदम रंगीत फोटो, गळ्यात हार."

"शर्ट आणि हार यांच्या मधे काय असतं?"

"असतं काहीतरी. कष्ट वगैरे. मी मधलं गाळतो."

"सगळंच?"

"पहिली चार पानं वाचतो, मग शेवटचं प्रकरण. मत द्यायला तेवढं पुरतं."

माई हसल्या. प्रज्योतही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. तो पायरीवरचा चुना नखाने खरवडू लागला.

"एक सांगू, माई? कॉलेज संपलं की कादंबरी संपते. आणि आत्मचरित्र सुरू होतं तेव्हा माणसाकडे निदान शेड तरी असते. मी मधेच अडकलोय. कादंबरी संपून किती दिवस झाले आणि दुसरं पुस्तक काही सुरू होत नाही… मी कुठल्याच पुस्तकात नाही."

"अण्णांची शेड आहे ना?"

"ते गोदाम आहे."

"पत्र्याचं?"

"पत्र्याचंच. पण त्यात खुर्च्या आहेत."

माईंनी टेम्पोकडे एकदा पाहिलं.

"अण्णांनी आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलंय. धंद्यात येतो म्हण, नाहीतर गोदामाची किल्ली चुलतभावाला देतो म्हणाले. आणि ते बोलतात तसं करतात." त्याचा आवाज खाली आला. "मला भीती वाटते. हो म्हटलं आणि पुढे काही घडलंच नाही, तर? आयुष्यभर लग्नं लोकांची आणि खुर्च्या माझ्या."

माईंनी समोरची पोथी त्याच्याकडे सरकवली. मठाच्या मूळपुरुषाचं ओवीबद्ध चरित्र. सप्ताहात रोज वाचलं जायचं.

"तिसरा अध्याय काढ. मूळपुरुष या टेकडीवर गुरूंकडे आले, ते वाच."

प्रज्योतने पोथी कपाळाला लावली आणि वाचलं. मूळपुरुष आले तेव्हा ते तरणेबांड होते, आणि बरेच शहाणेही. इथे तो जरा सावरून बसला.

"आता गादीवर बसले, ते शोध."

त्याने पान उलटायला बोट ओलं केलं. मग थांबला. उलटायची गरजच नव्हती.

"खालच्याच ओवीत आहे, माई."

"मधे काय आहे?"

"'पाणी वाहतां गुरूसी, बारा वर्षे लोटली'… एवढंच. अर्धी ओवी." त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे पोथीवाल्यानेही मधलं गाळलंच की."

"गाळलंच," माई म्हणाल्या. "पाणी कुठून आणत असतील?"

"खालच्या नदीवरून. दुसरीकडे आहे कुठे?"

"तू कसा आलास वर?"

"टेम्पोने."

"चढ लागला?"

"पहिला गिअर टाकावा लागला. एका वळणावर तर वाटलं, येतोय उलटा खाली."

माईंनी पोथी मिटली. रेशमी फडक्यात बांधली. गाठ जरा वेळ घेऊन मारली.

खालून चढावरून गावातल्या म्हाताऱ्या येताना दिसू लागल्या होत्या. दर थोड्या अंतरावर थांबत होत्या, कमरेवर हात ठेवत होत्या, वर मठाकडे बघत होत्या आणि पुन्हा निघत होत्या.

प्रज्योतच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून पाहिला. अण्णा. त्याने फोन तसाच वाजू दिला.

"मग काय सांगू त्यांना, माई?"

माई उठल्या. गुडघा धरून पायऱ्या उतरल्या आणि टेम्पोपाशी गेल्या. मागच्या फळीची कडी त्यांना एका हाताने निघेना, दोन्ही हातांनी काढली. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक बसवून पार ताडपत्रीपर्यंत रचलेल्या होत्या. एका थप्पीवरची खुर्ची माईंनी हिसके देऊन सोडवली, खाली घेतली आणि ओढत सभामंडपापुढच्या मांडवात आणली. पदराने पुसली. तिच्यावर बसून पाहिलं. डुगडुगते का, तेही पाहिलं.

प्रज्योत मागोमाग आला होता. फोन पुन्हा वाजत होता.

"माई, मी काहीतरी विचारलं…"

माईंनी पाय पसरले.

"ही पहिली झाली," त्या म्हणाल्या. "आता मधल्या गाळू नकोस."