डोंगराला विचारा

फार जुनी गोष्ट आहे, म्हणजे संगणकांच्या मोजणीने कैक आवृत्त्यांपूर्वीची. लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका घरात सगळे प्रोग्रॅम सभेला बसले होते. नव्या आवृत्तीत डिफॉल्ट ब्राउझर, म्हणजे इंटरनेटसाठी आधीपासूनच लावून दिलेला, कोणाला करायचं, ते ठरायचं होतं. उमेदवार ब्राउझर दोन. तेजा पळायला चपळ, पण माणूस कुठे कुठे जातो ते सगळं आपल्या मालकाला कळवणारा. मैना जरा हळू, पण कोणाचं काही कोणाला न सांगणारी.

“तेजालाच बसवू,” अध्यक्ष फाइल मॅनेजर म्हणाले. “लोकांच्या ओळखीचा आहे. ज्याला नको असेल तो सेटिंगमध्ये जाऊन बदलेल.”

म्हाताऱ्या टर्मिनलबाबांचं टाळकंच सरकलं. पाळतीला कंटाळून लोक आपल्याकडे येतात, आणि आपणच त्यांच्या मागे हेर लावायचा? वर म्हणायचं, नको असेल तर तुमचा तुम्ही काढा.

“बदलेल म्हणे,” ते कडाडले. “अहो, कोण बदलतं? त्या डोंगराला विचारा.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वॉलपेपरवरचा तो निळा डोंगर आजवर सभेत कधी बोलला नव्हता. पहिल्या आवृत्तीच्या घाईत त्याला तात्पुरता म्हणून लावलं होतं.

“मलाही हेच सांगितलं होतं,” डोंगर म्हणाला. “ज्याला नको असेल तो बदलेल. नऊ आवृत्त्या झाल्या, अजून घरोघरी मीच आहे. मी नुसता डोंगर आहे, म्हणून निभावलं.”