बुरूड गल्लीतलं पार्किंग

बुरूड गल्लीत घरांसमोरच्या जागा पासधारकांच्या गाड्यांना द्यायचं नगरपालिकेनं ठरवलं. मग कुमुदताई शेलारांच्या यजमानांना डायलिसिसला नेणारी रिक्षा दाराशी थांबणार कुठे?

सुनावणीत त्या उठताच मुख्याधिकारी गरजले, “बसा बाई! पंधरा दिवसांच्या मुदतीत एकही हरकत आली नाही. उत्तर नाही म्हणजे संमती, हा नियमच आहे.”

“सगळ्यांना लागू, साहेब?”

“सगळ्यांना!”

कुमुदताईंनी पिशवीतून शिक्का मारलेली पोच काढली. “पार्किंगच्या जागा मोजायला माणसं आली, तेव्हाच मी अर्ज दिला होता, आमची गल्ली वगळा म्हणून. चार महिने झाले, तुमचं उत्तर नाही. संमतीबद्दल आभारी आहे.”

सभागृहात टाळ्या कडाडल्या. साहेबांनी नकाशा ओढला आणि बुरूड गल्लीवर स्वतःच्या हाताने फुली मारली.